आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर कोणाचा वारसा?

सध्या जुन्या घरांना चांगले दिवस आले आहेत. महामार्गाच्या कडेला ‘वाडा’ नावाची हॉटेले उभी राहतात. त्यांच्या दारात जाते, उखळ आणि बैलगाडीचे चाक मांडलेले असते. आत पितळी हंडे, समया, कंदील आणि कोण्या इनामदाराचा पिवळा पडलेला फोटो टांगलेला असतो. शहरातल्या फ्लॅटमध्येही ही हौस पोचली आहे. लोक मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जातात, घासाघीस करून दुसऱ्याच्या घरातले घंगाळ आणतात आणि पाहुण्यांना ‘आमच्या पणजीचे’ म्हणून दाखवतात. हौसेला मोल नसते, हे मान्य. पण जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहिली, त्यांच्या नातवंडांनीही जुने घर सजवताना याच दुकानातून याच वस्तू आणायच्या का? गेल्या वर्षी हा प्रश्न आम्हाला प्रत्यक्ष सोडवावा लागला. आपल्यातल्या अनेक घरांपुढे तो आज ना उद्या येणार आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

आमचे घर सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, बौद्धवस्तीत आहे. दगड-मातीच्या भिंती, पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे चुलीची खोली. आजोबा मुंबईच्या गोदीत कामाला होते. त्यांच्या मनीऑर्डरींतून आजीने हे घर तुकड्या-तुकड्याने बांधून घेतले. एका उन्हाळ्यात पाया, दुसऱ्या उन्हाळ्यात भिंती. पत्रा तर पुष्कळ नंतर आला. आजी गेल्यावर घराला बारा वर्षे कुलूप होते. गेल्या वर्षी आम्ही सगळी भावंडे, चुलतभावंडे आणि आत्या एकत्र बसलो. पाडायचे की ठेवायचे, एवढाच विषय होता.

थोरले चुलतभाऊ म्हणाले, “पाडा आणि स्लॅब टाका. मातीची भिंत ही गरिबीची निशाणी. ती कसली जपायची?” त्यांनी पुढे जे विचारले ते जास्त टोचणारे होते. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना खेड्यांच्या कौतुकाची चिरफाड केली होती. खेडे म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या लोकांना त्यांनी खेडी सोडायला सांगितले. आपण सोडलीही. मग आता खेड्यातले मातीचे घर जपणे म्हणजे बाबासाहेबांच्या उलट दिशेला जाणे नव्हे काय?

प्रश्न रास्त होता. गावगाड्याचे गोडवे गाण्यासाठी घर राखायचे असेल, तर ते पाडलेले बरे. पण आजीने हे घर काही गावाच्या प्रेमापोटी बांधले नव्हते. गावाने जी जागा नेमून दिली होती, त्या जागेवर तिने गावाच्या भाकरीशिवाय, रोख मजुरीच्या पैशातून चार भिंती उभ्या केल्या. वाड्यांच्या मालकांकडे सनदा आहेत, इनामपत्रे आहेत, वंशावळी आहेत. त्यांचा वाडा पडला तरी त्यांचा इतिहास दप्तरात शिल्लक राहतो. आमच्याकडे दप्तर नाही. हे घर हेच आमचे दप्तर आहे. ते पाडले तर पुढच्या पिढीला ‘आपण असेच होतो, कोणीतरी वर आणले’ असे कोणीही सांगू शकेल, आणि तिच्या हाती उलट दाखवायला काही उरणार नाही.

शेवटी घर ठेवायचे ठरले, पण तीन अटींवर. पहिली, घर माणसाने राहण्याजोगे करायचे: संडास, नळ, वीज, ओट्यावरचा गॅस. गरिबीचे प्रदर्शन मांडायचे नाही. दुसरी, दुसऱ्याचा वारसा आणून आपल्या भिंतीवर आपला म्हणून लावायचा नाही. तिसरी, घरातल्या प्रत्येक जुन्या वस्तूला चिठ्ठी असेल. ती कोणाची, कधीची, कशाची आणि विकत आणली असेल तर कुठून, हे त्यावर स्पष्ट लिहायचे.

आता पितळी हंड्याचेच घ्या. जुन्या घराची सजावट म्हटले की पहिली वस्तू हीच सुचते. आमच्याही घरात कोणीतरी सुचवली. आत्या हसल्या. त्यांच्या लहानपणी या घरात दोन जर्मनची पातेली होती, बाकी गाडगी-मडकी. तांब्या-पितळेचे भांडे नव्हते, याला केवळ गरिबी हे कारण पुरत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने सांगितले आहेत. हे कुठल्या काळचे, असे कोणी म्हणेल. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावची हकीकत दिली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या जरा बऱ्या परिस्थितीतल्या अस्पृश्य बायकांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली. तो सवर्णांना स्वतःचा अपमान वाटला आणि त्यांनी त्या बायकांवर हल्ला केला. म्हणजे आजच्या हॉटेलात जो हंडा शोभेला ठेवतात, तोच हंडा डोक्यावर घेतला म्हणून आपल्या बायकांनी मार खाल्ला आहे. त्यामुळे आम्ही हंडा आणला नाही. फळीवर आजीचे पोचे पडलेले जर्मनचे पातेले ठेवले. चिठ्ठीवर लिहिले: ‘या घरातले पाण्याचे भांडे. पितळी का नाही, ते घरात कोणालाही विचारा.’

पितळेची एकच वस्तू या घरात निघाली, ती म्हणजे आजोबांचा गोदीतला बिल्ला. त्यावर नाव नाही, फक्त नंबर आहे. रोज कामावर जाताना तो छातीवर लावायचा आणि संध्याकाळी उतरवून ठेवायचा. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला. त्याआधी सकाळी दारात उभे राहायचे आणि मुकादमाने बोट दाखवले तरच काम, अशी रीत होती. त्यामुळे ज्याला आपण आज क्षुल्लक पत्रा म्हणू, तो बिल्ला आजोबांच्या दृष्टीने मोठा होता. त्यांच्या नावामागची जात गावात सगळ्यांना पाठ होती. गोदीच्या फाटकात नंबर दाखवला की पुरे व्हायचे. शहराने जात संपवली नाही, हे आम्ही जाणतो. गिरण्यांच्या विणखात्यात आपल्या माणसांना घेत नसत, हेही जाणतो. तरीही त्या बिल्ल्याने आजीच्या हातात रोख पैसा दिला. सोप्यातल्या दर्शनी भिंतीवर, बाबासाहेबांच्या फोटोखाली, तो बिल्ला आहे.

विकत घेतलेल्या जुन्या वस्तूंची गोष्ट वेगळी. एका भंगारवाल्याने पडलेल्या वाड्याचा सागवानी दरवाजा दाखवला. वर कोरीव गणेशपट्टी होती. भाव खरोखर कमी होता. आम्ही बौद्ध आहोत, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आहेत, असे सांगितल्यावर तो म्हणाला, “त्यात काय साहेब, गणपती रंधून काढतो!” आमच्या पुतण्याला दरवाजा घ्यायचा होता. तो पुण्यात शिकतो, वाचतो, आणि त्याचा मुद्दा तयार होता. वाड्यांचे दगड कोणी वाहिले? माती कोणी मळली? पाया कोणी खणला? आपल्याच लोकांनी, तेही वेठीला. मग हा दरवाजा आपलाही वारसा का नाही?

या मुद्द्याला उडवून लावता येत नाही. या देशातल्या मोठ्या वास्तूंत कष्टकरी जातींचा घाम आहे, आणि तो हक्काने सांगितला पाहिजे. पण तो सांगण्याची जागा त्या वाड्याच्या दारात आहे. जिथे ‘अमुक सरदारांनी बांधला’ अशी पाटी आहे, तिथे बांधणाऱ्या हातांची पाटी लावून घेण्यासाठी भांडावे. तोच दरवाजा आमच्या घराला लावला, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच अर्थ कळणार: हेही कधीकाळी वाडेवाले होते. वरच्यांसारखे दिसण्याची ही ओढ किती जुनी आहे आणि तिने आपले किती नुकसान केले आहे, हे चळवळीतल्या कार्यकर्त्याला सांगायला नको. आजीचा दरवाजा साध्या बाभळीच्या फळ्यांचा होता. खालची बाजू कुजली होती. ती सुताराकडून बदलून घेतली आणि तोच दरवाजा पुन्हा बसवला.

याचा अर्थ सेकंडहँड वस्तू नकोतच असा नाही. आपला समाज शिकलाच मुळी जुन्या पुस्तकांवर आणि दुसऱ्याच्या उतरलेल्या गणवेशावर. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये शिकताना जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तके जमवली होती. १९१७ मध्ये ते भारतात परतत असताना त्यांचे सामान असलेले जहाज टॉर्पेडोने बुडाले, तरी त्यांनी ग्रंथसंग्रह पुन्हा उभा केला आणि त्या ग्रंथांना जागा हवी म्हणून दादरला ‘राजगृह’ बांधले. माणसे घर माणसांसाठी बांधतात; बाबासाहेबांनी ते पुस्तकांसाठीही बांधले. म्हणून आम्ही पहिली जुनी वस्तू विकत घेतली ती किराणा दुकानातले काचेचे कपाट. ज्या फळ्यांवर कधी बिस्किटांच्या बरण्या होत्या, तिथे आता १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने काढलेल्या, वसंत मून यांनी संपादनाला सुरुवात केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांपैकी आमच्याकडे आहेत तेवढे खंड आहेत. बाकीच्या फळ्यांवर वस्तीतली मुले पुस्तके नेतात आणि आणून ठेवतात.

दुसरी वस्तू आरामखुर्ची. विकणाऱ्याने अभिमानाने सांगितले, “पाटलाच्या वाड्यातली आहे.” त्यामुळे तिची किंमत वाढते, असा त्याचा समज. आम्ही ती घेतली आणि सोप्यात मांडली. आजोबा सुट्टीवर गावी आले की कोणत्याही पाटलासमोर बसत नसत. उभे राहत किंवा उकिडवे टेकत. ही काही केवळ जुनी गोष्ट नाही. २०१९ साली उत्तराखंडच्या टिहरी जिल्ह्यात एका दलित तरुणाला लग्नाच्या जेवणात सवर्णांसमोर खुर्चीवर बसला म्हणून मारहाण झाल्याचा गुन्हा नोंदवला गेला. काही दिवसांनी तो तरुण दवाखान्यात मरण पावला. तेव्हा आमच्या सोप्यातली खुर्ची दोरी बांधून ‘कृपया बसू नये’ म्हणून ठेवलेली नाही. तिच्यावर वस्तीतले कोणीही बसते. चिठ्ठीवर ‘जुन्या बाजारातून विकत घेतली, बसण्यासाठी’ एवढेच आहे.

आता ज्या वस्तूवरून घरात खरा वाद झाला तिच्याकडे येतो. पत्रा बदलताना तुळईला बांधलेली एक काठी सापडली. टोकाला लोखंडी कडी, तिला दोन घुंगरे शिल्लक. आत्यांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. ती येसकरपाळीची काठी होती. ज्याची पाळी असेल त्याने ती घेऊन चावडीवर हजर राहायचे, दवंडी द्यायची, सरकारी माणसापुढे धावायचे, मेलेली जनावरे ओढायची, मयताचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री दुसऱ्या गावाला जायचे. मोबदल्यात दारोदार मागायची भाकरी. याच बिनमोबदल्याच्या कामाला ‘वतन’ असे भारदस्त नाव होते. १८७४ च्या कायद्याने ते पक्के बांधले गेले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. प्रत्यक्षात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ चा, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

पुतण्याचे म्हणणे, काठी दर्शनी भिंतीवर लावा, लोकांना कळू द्या. आत्या म्हणाल्या, “ती काठी घरात ऱ्हाणार आसंल, तर मी ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार न्हाई. माज्या आज्यानं ती घिऊन उभ्या पावसात सांगावं नेलं. ती जाळा.” दोघांचेही खरे होते. एकाला पुरावा हवा होता, दुसरीला त्या पुराव्यासोबत रात्री झोपायचे नव्हते. ज्याने सोसले त्याचा शब्द, की ज्याला सांगायचे आहे त्याचा? शहरातली चर्चासत्रे या प्रश्नावर दिवस घालवतात. आमच्याकडे एक दुपार होती.

आम्ही आत्यांना एवढेच म्हणालो, “आत्या, जाळायची तर जाळू. पण आधी तिची हकीकत सांगा, आम्ही लिहून घेतो.” त्या दोन तास बोलल्या. पणजोबा कोणत्या वाटेने जात, कोणत्या दारात किती लांब उभे राहत, कोणती बाई भाकरी वरून टाकायची आणि कोणती बाई खाली वाकून ठेवायची, सगळे सांगितले. पाळीच्या दिवसात पणजीचे घर कसे चालायचे ते सांगितले. आजोबांनी मुंबई का गाठली, तेही त्यातूनच कळले. शेवटी त्यांनी विचारले, “लिव्हलंस न्हवं समदं? मग ऱ्हाऊ दे. पर भिताडावर नगं.”

तो निर्णय आम्हाला योग्य वाटतो. भिंतीवर ते असावे जे आपण निवडले. काठी आपल्यावर लादली गेली. ती आता पत्र्याच्या ट्रंकेत आहे, आत्यांच्या शब्दांतल्या सहा पानांसोबत. ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला ट्रंक उघडून, पाने वाचून, मगच काठी हातात घेता येते. फोटो काढायला कोणी आले तर आधी पाने वाचायला देतो. गुलामीच्या खुणा नष्ट करणे आणि त्या शोभेला टांगणे, या दोन्ही टोकांच्या मध्ये एक जागा आहे. ती ट्रंकेची जागा आहे.

वाकळ आणि जाते मात्र बाहेर आहेत. जाते कोपऱ्यात जमिनीत बसवलेलेच होते. हॉटेलांच्या दारात जाते उलटे-सुलटे कुंड्यांच्या रांगेत ठेवलेले दिसते, कारण त्यांच्या लेखी तो नुसता गोल दगड आहे. आपल्या आज्यांनी त्याच्यावर पहाटे दळण दळताना बाबासाहेबांवरच्या ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा जात्यावरच्या ओव्या लाखाच्या संख्येने गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, आणि आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. ज्या बायकांना अक्षर येत नव्हते, त्यांचे साहित्य याच दगडापाशी तयार झाले. आमच्या आजीच्या ओव्या कोणी टिपल्या नाहीत. आत्यांना आठवतात तेवढ्या मोबाइलवर घेतल्या आहेत.

आता दिवळीविषयी. माजघराच्या भिंतीत एक कोनाडा आहे. तिथे पूर्वी देवांचे टाक असत. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लाखोंच्या समुदायाला धम्मदीक्षा दिली. आजोबा त्या गर्दीत होते. ते गावी आले आणि म्हणाले, आता हे नकोत. आजीने स्वतः ते टाक पाटीत घालून नदीत सोडले. वस्तीतल्या किती घरांतून त्या महिन्यांत असे झाले असेल! दिवळी तेव्हापासून रिकामी आहे. वर दिव्याची काजळी तेवढी आहे.

सजावटीच्या वेळी तिथे बुद्धाचे डोके ठेवावे, अशी सूचना आली. हल्ली ते सगळीकडे मिळते: हॉटेलात, सलूनमध्ये, दारूच्या दुकानाच्या काउंटरवरही. धडापासून वेगळे केलेले तथागतांचे शिर शोभेची वस्तू म्हणून विकणे, यातला उद्दामपणा आपल्याच लोकांच्या लक्षात येत नाही, हे दुर्दैव आहे. लेण्यांतल्या आणि विहारांतल्या मूर्तींची डोकी तोडून ती जगभरच्या संग्राहकांना विकली गेली, त्या लुटीतून ही ‘फॅशन’ पुढे आली आहे. आम्ही भगवान बुद्धांची पूर्ण प्रतिमा सोप्यात ठेवली आणि दिवळी रिकामीच ठेवली. तिला नवा रंगही दिला नाही. बाजूला चिठ्ठी आहे: ‘येथे देव होते. १९५६ नंतर नाहीत. आजीने स्वतः उचलले.’ आमच्या मते या घरातली सर्वांत देखणी जागा तीच आहे.

एक वस्तू मात्र आमच्या घराण्याची नसूनही भिंतीवर आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी लाकडी चौकट घेत होतो. चौकटीत एक फोटो होता. कोट घातलेला तरुण, नऊवारीतली बाई आणि दोघांच्या मध्ये स्टुलावर बाबासाहेबांची तसबीर. स्टुडिओत जाऊन, पैसे मोजून, तसबीर सोबत नेऊन काढलेला फोटो. मागे पेन्सिलने ‘जयंती’ एवढाच शब्द. विकणारा म्हणाला, “चौकट चांगली आहे. फोटो काढून फेकून द्या.” ही माणसे कोण, कोणत्या चाळीतली, त्यांचा फोटो रद्दीत कसा आला? खोली विकली गेली असेल, चाळीचा पुनर्विकास झाला असेल, नवीन घरात जुन्या चौकटीला जागा नसेल. बीडीडी चाळींसारख्या आपल्या वस्त्या पाडून टॉवर होत आहेत. मोठे घर मिळते, त्याचा आनंदच आहे. पण सामान हलवताना पहिली रद्दीत जाते ती हीच चौकट. आम्ही फोटो फेकला नाही. त्याखाली लिहिले आहे: ‘हे आमचे नातेवाईक नाहीत, आमची माणसे आहेत. ओळख पटल्यास फोटो घेऊन जावा.’

बाबासाहेबांच्या वस्तू जपल्या गेल्या आहेत. पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात आहेत, नागपूरजवळ चिचोलीला आहेत. ते मोठे काम झाले. पण बाबासाहेबांच्या मागे चाललेल्या लाखो माणसांच्या वस्तू कोण जपणार? त्यांचे संग्रहालय कोणी बांधणार नाही, ते आपापल्या घरातच होईल. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याकडून ऐकून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये केले. त्या दोघी गेल्या नसत्या तर किती नावे गेली असती! त्यांना कोणी सरकारी खाते लागले नव्हते.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, ज्या आम्ही जाणत्या माणसांना विचारून केल्या. मूळ फोटो भिंतीवर लावू नका, उन्हाने उडतो. त्याची प्रत लावा आणि मूळ कोरड्या जागी ठेवा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नावे लिहा. पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते. जुने कागद लॅमिनेट करू नका. प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही आणि आतला कागद खराब होतो. बिल्ले-पदके चिंच-मिठाने घासू नका, अक्षरे झिजतात. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट देऊ नका, ओल आत अडकते आणि भिंत फुगते. चुना द्या, तो स्वस्तही पडतो. आणि आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला तर तो देवासारखा नव्हे, दस्तऐवजासारखा जपा. जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे मागतात, आणि ते नसल्याने आपल्या मुलांचे प्रवेश अडतात. आम्हाला ट्रंकेत असा एक दाखला मिळाला. पुतण्याच्या कामाला तो आला. घरातला इतिहास असा रोजच्या जगण्यात उपयोगी पडतो.

काही लोक म्हणतील, समाजापुढे अत्याचार आहेत, बेकारी आहे, आरक्षणाचे खासगीकरण चालले आहे, आणि तुम्ही भिंती कसल्या सजवता? त्यांना एकच आठवण करून देतो. ७ जुलै २०२० रोजी राजगृहावर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांनी काय फोडले? खिडक्यांच्या काचा आणि अंगणातल्या कुंड्या. आपले घर, आपली कुंडी, आपली खिडकी यांत काय आहे, हे विरोधकाला बरोबर कळते. आपल्यालाही कळले पाहिजे. ज्या समाजाला ‘तुम्हाला इतिहास नाही’ असे सांगितले गेले, त्याने आपल्या घरात तारखेसह, नावासह, पुराव्यासह इतिहास मांडणे हे चळवळीचेच काम आहे.

तेव्हा तरुण मित्रांनो, येत्या १४ एप्रिलला नवीन बॅनर छापण्याआधी एक करा. घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाजवळ दोन तास बसा. त्यांची ट्रंक त्यांच्याच हाताने उघडायला लावा. प्रत्येक वस्तूचे नाव, वर्ष आणि गोष्ट लिहून घ्या. भिंतीवर काय लावायचे आणि ट्रंकेत काय ठेवायचे, हे त्यांना विचारून ठरवा. खिळा नंतर ठोका.

जय भीम!